गाडीतला एएम रेडिओ का जातोय, आणि नाशिककराला त्याचं काय?

नव्या गाडीच्या शोरूममध्ये गिऱ्हाईक मायलेज विचारतं, सनरूफ विचारतं, एअरबॅगा मोजून घेतं. "यात एएम लागतं का हो?" असं विचारणारं मात्र मुंबई नाक्यापासून अंबडपर्यंत कुणी सापडायचं नाही. अमेरिकेत याच प्रश्नावर गेली काही वर्षं खासदार, गाडी कंपन्या आणि रेडिओवाले एकमेकांशी भांडताहेत.

झालं असं, की इलेक्ट्रिक गाड्या आल्या आणि काही कंपन्यांनी गाजावाजा न करता त्यातला एएम काढून टाकला. सिनेटर एड मार्की यांनी वीस कंपन्यांना पत्रं लिहून विचारणा केली. त्यातल्या आठ कंपन्यांनी इलेक्ट्रिक गाड्यांमधून एएम काढल्याचं २०२३ मध्ये समोर आलं. टेस्ला, बीएमडब्ल्यू, फोक्सवॅगन, व्होल्वो, माझदा, फोर्ड, पोलस्टार आणि रिव्हियन ही ती नावं. मग मे २०२३ मध्ये मार्की आणि टेड क्रूझ यांनी मिळून विधेयक मांडलं : प्रत्येक नव्या गाडीत एएम हवाच, आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. एक डेमोक्रॅट, दुसरा रिपब्लिकन, बाकी सगळ्या बाबतीत दोन टोकांना. डिसेंबर २०२३ मध्ये हे विधेयक चर्चेशिवाय एकमताने मंजूर करून घ्यायचा प्रयत्न झाला, तेव्हा सिनेटर रँड पॉल यांनी हरकत घेतली आणि ते अडलं. २०२५ मध्ये ते पुन्हा मांडलं गेलं.

यात आपलं काय, हा प्रश्न रास्त आहे. पण उत्तराआधी हा रेडिओ चालतो कसा ते पाहावं लागेल.

ढोलाचा ठेका

गणपतीच्या मिरवणुकीतला नाशिक ढोल डोळ्यांसमोर आणा. समजा तुम्ही रविवार कारंज्यावर आहात, ढोलवाला मेन रोडच्या टोकाला आहे, आणि त्याला ढोलातूनच तुम्हाला निरोप द्यायचा आहे. एक मार्ग असा : ठेका एकच ठेवायचा, पण कधी जोरात मारायचं, कधी हळू. दुसरा मार्ग असा : जोर कायम ठेवायचा, पण ठेका कधी जलद करायचा, कधी संथ. पहिला मार्ग म्हणजे एएम, दुसरा एफएम. आता मध्येच कुणी फटाक्यांची माळ लावली. पहिल्या मार्गात तुमची पंचाईत होते, कारण मोठा आवाज ढोलाचा की फटाक्याचा हे कळायला वाव नाही. दुसऱ्या मार्गात जोराकडे तुम्ही बघतच नाही. ठेका कानावर पडतोय तोवर निरोप पोहोचतो.

वीज चमकली, मिक्सर लावला, ट्यूबलाइटचा चोक खराब झाला की एएमवर खरखर येते आणि एफएम शांत राहतो, त्याचं कारण हेच. विजेच्या गोंधळाचा पहिला परिणाम लहरीच्या उंचीवर होतो, आणि एएमचा सगळा मजकूर त्या उंचीतच असतो.

मग असला कच्च्या कानाचा प्रकार शंभर वर्षं टिकला कसा? एक तर त्याचा रिसीव्हर अगदी साधा. जवळ दणकट केंद्र असेल तर लांब तार, एक कॉइल, एक डायोड आणि इअरफोन एवढ्यावर, बॅटरीशिवायसुद्धा आवाज येतो. आणि दुसरं म्हणजे पल्ला.

आपल्याकडे एएम म्हणजे बहुतेक वेळा मिडियम वेव्ह, ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ. मुंबईच्या अस्मिता वाहिनीची ओळखीची जागा ५५८ किलोहर्ट्झ. त्या लहरीची लांबी जवळपास ५३७ मीटर भरते. आकाशवाणी नाशिकच्या १०१.४ मेगाहर्ट्झ एफएमची लहर आहे जेमतेम तीन मीटर. तीन मीटरच्या लहरीसमोर डोंगर आला की तिचं काम बरंचसं संपतं. अर्ध्या किलोमीटरची लहर मात्र डोंगराला वळसा घालते आणि जमिनीला धरून पृथ्वीच्या गोलाईबरोबर पुढे जाते. म्हणून एफएम साधारण नजरेच्या टप्प्यात, फार तर साठ-सत्तर किलोमीटर, आणि दणकट मिडियम वेव्ह केंद्र दिवसाढवळ्या त्याच्या कितीतरी पुढे. रात्री तर हिशेबच बदलतो. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी आणखी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरतात. जुन्या ट्रान्झिस्टरवर रात्री दहानंतर काटा फिरवताना अनोळखी भाषा लागायच्या त्या यामुळे.

एवढं कौतुक झाल्यावर हेही सांगायला हवं, की बोगद्यात एएम पार बावळट ठरतो. इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गाचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. असल्या बोगद्याच्या तोंडातून पाचशे मीटरची लहर आत शिरूच शकत नाही. एफएमची तीन मीटरची लहर थोडी तरी आत येते. जुन्या कसारा घाटात एएम जिंकायचा, नव्या बोगद्यात एफएम, आणि खोल आत गेल्यावर दोघेही हरतात.

मोटर काय बिघडवते

इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीतून एकाच दिशेचा प्रवाह निघतो, म्हणजे डीसी. मोटरला मात्र दिशा बदलणारा प्रवाह हवा असतो. मध्ये बसतो इन्व्हर्टर. तो बॅटरीचे तीन-चारशे व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि त्या तुकड्यांमधून मोटरला हवी तशी लाट घडवतो. हे चालू-बंद जितक्या झटक्यात होईल तितकी वीज कमी वाया जाते, म्हणून इंजिनिअर मंडळी ते जास्तीत जास्त झटक्यात करतात. आणि झटका जितका तीव्र, तितका त्याचा विद्युत गोंगाट वरच्या फ्रीक्वेन्सींपर्यंत पसरतो.

हिशेब करून बघा. समजा इन्व्हर्टर सेकंदाला नऊ हजार वेळा, म्हणजे ९ किलोहर्ट्झने, चालू-बंद होतोय. त्याचे पडसाद ९ च्या पटीत उमटत जातात : १८, २७, ३६… बासष्टावा पडसाद येतो बरोबर ५५८ वर, अस्मिता वाहिनीच्या डोक्यावर. अठ्ठ्याऐंशीवा ७९२ वर, म्हणजे आकाशवाणी पुणे. आपल्याकडे मिडियम वेव्हची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतरानेच मांडलेली असल्यामुळे हे गणित इतकं नेमकं जुळतं. खऱ्या गाडीत इन्व्हर्टरचा वेग वेगवेगळा असतो आणि बदलताही असतो, त्यामुळे पडसाद थोडे इकडेतिकडे पडतात, पण पडतात याच पट्ट्यात. १०१.४ मेगाहर्ट्झपर्यंत जायचं तर अकरा हजारांच्या पुढचा पडसाद लागतो. तिथवर त्यात जीव उरत नाही, आणि उरला तरी एफएम त्याच्याकडे लक्ष देत नाही.

हे घरी ऐकता येतं. इलेक्ट्रिक स्कूटर मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक मोकळं फिरू द्या, पोरांना लांब ठेवा. ट्रान्झिस्टर सीटवर ठेवून मिडियम वेव्हवर एखादं क्षीण केंद्र लावा. किल्ली बंद असताना नेहमीची बारीक खरखर. किल्ली फिरवली की तिच्यावर एक पातळ शीळ चढते. मूठ थोडी पिळली की शीळेखालून गुरगुर सुरू होते, चाकाच्या वेगाबरोबर तिचा सूर बदलतो, आणि निवेदक त्यात बुडून जातो. आता ट्रान्झिस्टर जागच्या जागी काटकोनात वळवा. गोंगाट एकदम कमी-जास्त होईल, कारण आतली फेराइट नावाच्या चुंबकीय पदार्थाची दांडी, म्हणजे मिडियम वेव्हची अँटेना, एका दिशेने जास्त ऐकते. मग एफएमचं बटण दाबा. मूठ तशीच पिळलेली असू द्या. काहीही होत नाही.

फक्त मोटरच दोषी असंही नाही. गाडीतला चार्जर, मोठ्या बॅटरीचे व्होल्ट उतरवून लहान बॅटरी भरणारा कन्व्हर्टर, एसीचा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर, हे सगळे त्याच चालू-बंदच्या जातीचे. घरातले स्वस्त एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जरही. एएमचं मैदान गाड्यांनी एकट्यांनी खराब केलेलं नाही.

जमत नाही की करायचं नाही?

पेट्रोलच्या गाडीतही स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी रेडिओवर टकटक ऐकवायची. त्यावर कंपन्यांनी रेझिस्टन्स असलेले प्लग आणि वायरी वापरून काही दशकांपूर्वीच तोडगा काढला. इलेक्ट्रिक गाडीचं काम जड आहे, पण त्याच धर्तीचं : जाड नारिंगी केबलींना जाळीदार धातूचं आवरण, इन्व्हर्टरला बंद धातूचा डबा, वाटेत फिल्टर आणि फेराइटची कडी, अँटेना मोटरपासून लांब. यात पैसे जातात, थोडं वजन वाढतं. अशक्य काही नाही, कारण काही कंपन्या ते करतच होत्या.

फोर्डची गोष्ट इथे बोलकी आहे. २०२४ च्या मॉडेलांमधून एएम काढतोय असं त्यांनी जाहीर केलं. मे २०२३ मध्ये विधेयक आल्यावर आठवडाभरात मुख्य कार्यकारी अधिकारी जिम फार्ली यांनी निर्णय फिरवला, आणि ज्या इलेक्ट्रिक गाड्यांमधून एएम आधीच गेला होता त्यांना तो सॉफ्टवेअर अपडेटने परत देऊ असं सांगितलं. सॉफ्टवेअरने परत येणारी वस्तू मुळात गाडीत होतीच. बंद करून ठेवली होती.

माझं मत असं, की गोंगाट हे कारण खरं आहे, पण ते सोयीचंही पडलं. गाडीतली स्क्रीन ही आता दुकानाची दर्शनी जागा झाली आहे. ऐकणारा अॅपवर गेला की त्याचं खातं असतं, वर्गणी असते, तो काय ऐकतो याची नोंद राहते. रेडिओ ऐकणाऱ्याकडून कंपनीला यातलं काहीच मिळत नाही. तो कोण आहे हे आकाशवाणीलासुद्धा कळत नाही.

अमेरिकन सरकारला एएम हवा आहे तो गाण्यांसाठी नाही. तिथल्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेने ७७ रेडिओ केंद्रं खास मजबूत करून ठेवली आहेत : जनरेटर, इंधनाचा साठा, सगळं बंद पडलं तरी बोलत राहण्याची सोय. त्यातली बरीच एएम आहेत, कारण थोड्या केंद्रांत मोठा देश झाकायचा तर पल्ला लागतो. गाडी कंपन्या म्हणतात, इशारा मोबाइलवर येतोच की. येतो. २०२३ मध्ये आपल्याकडे चाचणी म्हणून एकाच वेळी अनेकांचे फोन कर्कश्श ओरडले होते, ती हीच पद्धत. टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनांना एकदम निरोप देतो, गर्दी कितीही असली तरी तो अडकत नाही. पण त्याला टॉवर जिवंत लागतो. टॉवरची वीज गेली की बॅटरीवर काही तास, मग डिझेल कुणी पोहोचवलं तर पुढे. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलिनातल्या डोंगराळ भागात मोबाइलचं जाळं कोसळलं, तेव्हा लोक गाडीत बसून रेडिओ ऐकत होते. पाणी कुठे मिळतंय, कोणता रस्ता उघडा आहे, हे तिथून कळत होतं. त्यात एएम केंद्रं होती तशी एफएमही होती, हे मात्र एएमवाले सांगताना हळू आवाजात सांगतात.

आता नाशिक

आकाशवाणी नाशिक एफएमवर आहे. शहरात एएम लावायचा तर मुंबई, पुणे किंवा रात्रीची दूरची केंद्रं. त्यामुळे अमेरिकेचा कायदा जसाच्या तसा इथे आणला तर गाडीत एक बटण येईल आणि त्यावर नाशिकचं काही लागणार नाही. शिवाय आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती स्वतःच जुने अॅनालॉग एएम ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने निवृत्त करत आली आहे. ते वीज खूप खातात, सुटे भाग मिळत नाहीत.

पण मिडियम वेव्हचा पट्टा आपल्याकडे मेलेला नाही, कारण त्यावर डिजिटल आला आहे. डीआरएम नावाची ही पद्धत. आकाशवाणीने मिडियम वेव्हवर ३५ डीआरएम ट्रान्समीटर उभे केले. पल्ला तोच जुना, आवाज एफएमसारखा स्वच्छ, सोबत स्क्रीनवर मजकूर. आणीबाणीचा इशारा आला तर रेडिओ आपोआप त्या वाहिनीवर जाईल अशीही सोय त्यात ठेवता येते. रिसीव्हर मात्र वेगळा लागतो, आणि घरी वापरायचे डीआरएम संच महाग व दुर्मिळ. गंमत अशी, की तो रिसीव्हर लाखो लोकांकडे न मागता पोहोचला, गाडीतून. मारुती सुझुकी, ह्युंदाई, महिंद्रा, टोयोटा, एमजी यांच्या काही मॉडेलांच्या म्युझिक सिस्टीममध्ये डीआरएम आहे. मालकाला बहुधा त्याचा पत्ता नसतो. शोरूमवाल्यालाही क्वचितच असतो.

खाजगी एफएम डिजिटल करायचा विचारही सुरू आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाने २०२५ मध्ये ज्या शिफारशी केल्या त्यात सुरुवातीला १३ मोठी शहरं आहेत. पुणे आहे, नागपूर आहे, नाशिक नाही. युरोपने तर २०२० च्या डिसेंबरपासून प्रत्येक नव्या कारच्या रेडिओत डिजिटल हवाच असा नियम केला. म्हणजे अमेरिका जुनं टिकवायला कायदा करते, युरोप नवं आणायला. आपल्याकडे फोनच्या बाबतीत २०२३ मध्ये केंद्राने कंपन्यांना एफएम बंद करू नका असा सल्ला दिला. गाड्यांच्या बाबतीतही असंच काही हवं, आणि ते एएमच्या नावाने नको. त्या त्या भागातलं सरकारी केंद्र ज्या पद्धतीने बोलतं, ती पद्धत गाडीत फुकट, नेटशिवाय, खातं न उघडता लागली पाहिजे, इतकंच मागणं.

नाशिकला हे मागायचं कारण आहे. गोदावरीला पूर आला की गावभर एकच चौकशी चालते : दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं, गंगापूर धरणातून किती क्यूसेक सोडलं. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ही चौकशी व्हॉट्सअॅपवर चालली. त्या गर्दीत गेल्या पुराचे व्हिडिओ आजचे म्हणून फिरतात ते निराळंच. नदीकाठची वीज सुरक्षेसाठी बंद केली तर घरचा वायफाय जातो, गाडीतला रेडिओ राहतो. पेठ, सुरगाण्याच्या बाजूला तर पूर नसतानाही घाटात रेंज जाते. तिथे उंचावरच्या एफएमचाही भरवसा नाही, लांब लहरीचा मिडियम वेव्ह डिजिटलच कामाचा.

आणि २०२७ चा सिंहस्थ. पर्वणीच्या दिवशी रामकुंड आणि त्र्यंबक परिसरात एका टॉवरवर किती फोन लटकतील याची कल्पना करा. मोबाइलवर बोलायला किंवा नेट वापरायला प्रत्येक माणसाला स्वतंत्र वाट द्यावी लागते, आणि वाटा मोजक्याच असतात. रेडिओला एक ऐकतोय की दहा लाख, काही फरक पडत नाही. प्रयागराजला २०२५ च्या महाकुंभात आकाशवाणीने १०३.५ मेगाहर्ट्झवर 'कुंभवाणी' नावाची खास एफएम वाहिनी चालवली होती. इथेही तसं झालं तर बाहेरच्या वाहनतळाकडे येणाऱ्या हजारो गाड्यांना कोणता रस्ता भरला, कुठे वळायचं, हे एका आवाजात सांगता येईल. त्या गाड्यांमध्ये ट्यूनर असला तर.

गाडी घेताना म्हणूनच दोन मिनिटं खर्च करा. स्क्रीनवर रेडिओचा मेनू उघडून एफएमशिवाय एएम किंवा डीआरएम दिसतं का बघा. काही स्वस्त व्हेरियंटमध्ये फक्त ब्लूटूथ असतं. इलेक्ट्रिक गाडीची चाचणी उभ्या गाडीत घेऊ नका. एसी चालू करा, त्र्यंबक रोडला एक फेरी मारा आणि चालत्या गाडीत केंद्र लावून ऐका. बाहेरून अँड्रॉइडची मोठी स्क्रीन बसवून घेतली आणि त्यानंतर १०१.४ सुद्धा खरखरू लागलं, तर आकाशवाणीला दोष देण्याआधी फिटरकडे जा. अँटेनाच्या अँप्लिफायरला १२ व्होल्ट देणारी निळी वायर असते. घाईच्या फिटिंगमध्ये ती बरेचदा जोडायची राहते.